बबनकाकांचं विमान

बबनकाकांच्या हातात काहीही द्या, आधी त्यावर नख फिरायचं. चहाचा कप असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर नारळ. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी जरा वाढवलेलं होतं आणि ते कडेकडेनं असं फिरायचं, की देणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता आपल्यालाच परत पाठवणार. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्याच्या दांडीवर नख फिरवून चारचौघांत म्हणाले, "हितं चीर हाय. पोरीचं बोट अडकंल." पाळणा भाड्याचा होता. माझ्या नवऱ्यानं तो भर उन्हात बदलून आणला. आणताना तो काकांना मनातल्या मनात काय म्हणाला असेल, ते मी विचारलं नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक ओतीव लोखंडाचा भाग आमच्याकडे यायचा, त्यावर मशिनिंग व्हायचं आणि शेवटी तो तपासणीच्या टेबलावर यायचा. टेबलं दोन. पहिल्यावर काका, दुसऱ्यावर मी. काका एकेक नग उचलून दिव्याखाली फिरवायचे, केसाएवढी चीर कुठं दिसते का बघायचे, आणि नग चांगला असला तर त्यावर पिवळ्या शाईचा शिक्का मारायचे. शिक्क्यावर आकडा सात. प्रत्येक तपासनिसाचा आकडा वेगळा असतो, आणि सात नंबरला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही. ज्या नगाबद्दल शंका, तो लाल डब्यात. पास झालेले ट्रे माझ्या टेबलावर सरकायचे. मी ते मोजायचे, गंज चढू नये म्हणून तेल लावायचे आणि पॅकिंगला पाठवायचे. ह्या कामाला डोकं लागत नाही, हे काका मला रोज न चुकता सांगायचे.

"तुजं काम त्याल लावायचं. बघायचं काम माजं."

मी लग्न करून लातूरकडून इकडे आलेली, बारावी शिकलेली आणि तोंडानं फटकळ. पहिल्या महिन्यात मला त्यांचा असा राग यायचा की काय सांगू. नंतर कळलं, ते सगळ्यांशीच असं बोलतात. मॅनेजरशीसुद्धा.

काका मोशीचे, जुन्या गावकऱ्यांपैकी. जमिनी गेल्या, पैसे आले, दोन्ही भावांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आणि सोन्याच्या साखळ्या घालून ओट्यावर बसले. काकांच्याही नावावर दहा-बारा खोल्या होत्या. नोकरी केली नसती तरी चाललं असतं. कुणी विचारलं, "काका, कशाला सकाळी सहाची शिफ्ट करता राव?" तर म्हणायचे, "खोल्यांचं भाडं येतं ते जमिनीचं येतं. त्यात माजं काय?" आणि डबा उघडायचे. काकूंनी दिलेली भाकरी आधी उजेडाकडे धरून बघायचे. भाकरीलासुद्धा चीर चालायची नाही.

त्यांची नजर कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकदा चाकणहून ग्राहक कंपनीचा एक साहेब पाहणीला आला. हे लोक काय करतात, एक खराब नग खिशात घालून आणतात आणि गुपचूप आपल्या चांगल्या ट्रेमध्ये सोडतात. आपला माणूस तो पकडतो का बघतात. साहेबानं नग सोडला आणि काकांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला. काकांनी ट्रे पुढे ओढला. चौथ्या नगाला तो बाजूला काढला. साहेब "व्हेरी गुड" म्हणाला. काका मात्र थांबले नाहीत. साहेबाकडे मागच्या महिन्यात आम्ही पाठवलेला आणि त्यांनी चांगला म्हणून ठेवलेला नमुन्याचा नग होता, तो काकांनी मागून घेतला, एकदा फिरवला, आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्यात बी हाय. आतल्या गोलाईला." साहेबानं भिंग लावलं. चीर होती. त्या नगावर शिक्का दुसऱ्या शिफ्टचा होता, सात नंबर नव्हता, पण साहेबाच्या कंपनीचा होकार त्यावर होताच. साहेब गेल्यावर आम्ही सगळे हसत होतो आणि काका खाली मान घालून पुढचा नग बघत होते.

"शंका आली की बाजूला," एवढंच ते म्हणायचे. "शंका घरी न्यायची न्हाई."

ह्या माणसानं चार वर्षं एक शंका घरी नेली. रोज नेली.

मला ते कळलं ते कंपनीच्या डोळे तपासणीत. दिवाळीच्या आधी एक गाडी यायची. कॅन्टीनमध्ये भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागायचा, मोठ्या अक्षरापासून बारीक अक्षरांपर्यंत. तपासनीस असेल तर त्याला ही परीक्षा पास करावीच लागायची, नाहीतर टेबल सुटायचं. काकांची पाळी आली. मी त्यांच्या मागेच उभी होते. डॉक्टरीणबाई छडी घेऊन एकेक ओळ दाखवत होत्या. काका वाचत होते, धडाधड. चौथी ओळ झाली, पाचवी झाली. बाईंच्या हातातून छडी पडली, त्या उचलायला वाकल्या, आणि काका सहावी ओळ वाचून सातवीवर गेले. छडी अजून जमिनीवर होती. बाई हसल्या, "आजोबा, तुम्हाला भारीच दिसतं की," म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

मी टेबलावर आल्यावर गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड. मी म्हणाले, "काका, बाईंनी दाखवायच्या आधीच वाचलंत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे तोंड माझ्याकडे केलं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की माझ्याकडे बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागते. पूर्वी ते नगावरची नजर न काढता मला झापायचे. आता समोरचं तेवढं दिसत होतं, बाजूचं नव्हतं. स्कूटर त्यांनी वर्षभरापूर्वी सोडली होती, गुडघा दुखतो म्हणून. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पास केलेल्या ट्रेला तेल लावताना मला एक चीर दिसली. मला, जिचं काम बघायचं नाही, तिला दिसली. पिवळा सात त्या चिरेच्या शेजारीच होता.

आता इथं मी काय केलं ते मला लिहायचं आहे आणि लाजही वाटते. मी तो नग घेऊन त्यांच्याकडे गेले नाही. मॅनेजरकडेही गेले नाही. काका चहाला उठले, तेव्हा फडक्यानं शिक्का पुसला आणि तो नग हळूच त्यांच्या लाल डब्यात टाकला. त्या दिवसापासून मी त्यांचा प्रत्येक ट्रे मोबाईलचा दिवा लावून बघायला लागले. मला उशीर व्हायचा, सुपरवायझर ओरडायचा, मी त्याच्यावर उलट ओरडायचे. आठवड्यात एखादा-दुसरा नग निघायचा. तो लाल डब्यात जायचा. शिफ्ट संपताना काका डबा बघायचे आणि खूश व्हायचे. "आज पाच धरले," म्हणायचे. कधी त्यातले चारच त्यांचे असायचे.

मी स्वतःला सांगत होते, हे सगळं काकांसाठी. दोन वर्षांत निवृत्त होतील, तोवर निभावून नेऊ. ब्रेक चांगले जातायत, काकांची अब्रू राहतेय, कुणाचं काय बिघडतंय?

संक्रांतीनंतर आमच्या डिझाइन विभागातला एक इंजिनिअर नोकरी सोडून हिंजवडीला गेला. जाताना त्यानं कपाट रिकामं केलं. त्यात रिमोटवर उडणारं विमान होतं, शिकाऊ माणसासाठी असतं तसं, पांढऱ्या फोमचं, बॅटरीवर चालणारं. हौसेनं आणलं होतं पण खोक्यातून कधी बाहेर काढलं नव्हतं. "काका, तुम्ही घ्या," म्हणून तो खोकं काकांच्या टेबलावर ठेवून गेला. आम्हाला वाटलं, काका हसून बाजूला ठेवतील. काकांनी जेवणाची सुट्टी होईपर्यंत वाट बघितली, खोकं उघडलं, पंखावर नख फिरवलं आणि मला जवळ बोलावलं.

"तू दिवाळीत म्हनलीस ते खरं हाय," ते म्हणाले. "तक्ता मला पाठ हाय. चार वर्सं त्योच तक्ता लावत्यात."

मी म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ ना काका. मी येते बरोबर."

"डाक्टर काय सांगंल ते मला ठावं हाय. त्यानं सांगितलं की मग मला शिक्का ठिवता यायचा न्हाई." विमान त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं. "ह्ये बग. पाठ केल्याली परीक्षा, परीक्षा नसती. ह्ये कुनाला पाठ करता येत न्हाई. वर न्यायचं, एक पुरा चक्कर मारायचा आन् माझ्या पायापाशी उतरवायचं. उतरलं तर सात नंबर माजा. न्हाई उतरलं तर दुसऱ्या दिशी शिक्का साहेबाच्या टेबलावर. माजं मी बघनार, दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाई."

"आणि मी काय करू?"

"तू फेकायचं. ते हातानं फेकून सोडावं लागतं, पुस्तकात लिवलंय. मला दोन्ही हात रिमोटला लागत्याल."

मी हो म्हणाले. मलाही वाटलं, न जाणो, उतरेल. मग ते लाल डब्याचं सगळं आपोआप मिटेल. माणसाची आशा काय, कशालाही चिकटते.

त्यानंतर आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत विमानाची तपासणी चालली. असली तपासणी कुठल्या विमानाची झाली नसेल. काकांनी व्हर्निअर लावून दोन्ही पंख मोजले. डावा अर्धा मिलिमीटर लांब निघाला, तो त्यांनी पॉलिश पेपरनं घासला. पॅकिंगच्या काट्यावर दोन्ही पंख तोलले आणि हलक्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला. डोळ्यांनी होत नव्हतं ते बोटांनी करत होते, आणि बोटं अजून पहिल्या नंबरची होती. मग एके दिवशी ते विजयानं म्हणाले, "फॉल्ट घावला! मोटर वाकडी हाय."

पुढची मोटर खरंच तिरकी होती. जराशी उजवीकडे आणि जराशी खाली. "बनवनाऱ्यानं डोळे झाकून बसवलीया," काका म्हणाले. टूलरूममधून पातळ पत्र्याच्या चकत्या आणल्या, मोटरच्या मागे घातल्या आणि मोटर अगदी नाकासमोर सरळ केली. ते काम करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

भोसरीच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. शिमगा नुकताच होऊन गेला होता. मी नवऱ्याला सांगितलं, काकांना दवाखान्यात नेते. स्कूटीवर काका मागे, त्यांच्या मांडीवर विमानाचं खोकं. मोशीच्या पुढे नदीकडे त्यांच्या एका भाचीच्या शेतातला कांदा काढून झाला होता, रान मोकळं पडलं होतं. एका बाजूला बाभळी, लांबवर नाशिक हायवे, आणि वर कचरा डेपोच्या घारी. त्या बाजूला घारी कायमच असतात, तिकडे कुणी मान वर करून बघत नाही.

काकांनी अंगठे रिमोटवर ठेवले, मोटर सुरू केली. मी पळत जाऊन विमान फेकलं. त्यानं नाक एकदम वर केलं, डावीकडे कलंडलं आणि कांद्याच्या वाफ्यात तोंडावर पडलं. सगळं मिळून पाच सेकंद झाली असतील.

"ह्यो धरायचा न्हाई," काका लगेच म्हणाले. "ह्यात नजरेचा संबंध न्हाई. सेटिंगचा फॉल्ट."

मी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. काकांनी काय काय केलं ते सांगितलं. तो बिचारा ऑफिसात होता, दबक्या आवाजात हसायला लागला. "अहो काका, ती मोटर मुद्दाम तिरकी बसवलेली असते! पंखा फिरताना विमानाला डावीकडे ओढतो, नाक वर करतो. ते सावरायला तिरकी. तुम्ही सरळ केलीत, म्हणून पडलं."

काका वाफ्यातली ढेकळं पायानं फोडत म्हणाले, "पस्तीस वर्सं वाकडं दिसलं की लाल डब्यात टाकलं. ह्याला वाकडंच पायजे व्हतं व्हय?" मला वाटलं, ते खट्टू होतील. उलट त्यांना बरं वाटलं होतं. चूक सापडली होती, तिचं कारण होतं आणि ते कारण डोळे नव्हते. पुढच्या गुरुवारपर्यंत चकत्या काढल्या, फुटलेलं नाक चिकटवलं. त्या आठवड्यात ते मला एकदाही तेल लावण्यावरून बोलले नाहीत. मी त्या आठवड्यात त्यांच्या ट्रेमधून चार नग काढले.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी आठलाच आम्ही शेतात होतो. वारा पश्चिमेकडून, अगदी मंद. काकांनी पांढरा सदरा घातला होता, सणाला घालतात तसा. मी विमान डोक्यावर धरलं, पळाले आणि फेकलं.

उडालं. मी सांगते ना, खरंच उडालं. आधी जरा खाली गेलं आणि मग सरळ वर चढत गेलं. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा असं काही माझ्या हातातून सुटून वर गेलं होतं. काका मान मागे टाकून बघत होते आणि अंगठे अगदी हलके चालत होते. विमान बाभळीच्या वर गेलं, वळलं, आमच्या डोक्यावरून परत आलं.

"पुस्तकात लिवलंय, उंच गेलं की मोटर कमी करायची. मग आपसूक तरंगतं," काका म्हणाले आणि त्यांनी मोटर बंद केली. आवाज थांबला. हायवेवरच्या ट्रकांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

वाऱ्यानं विमान पूर्वेकडे सरकायला लागलं. तिकडे सूर्य. मी डोळ्यांवर हात धरला. काकांची मान डावीकडून उजवीकडे फिरली, थांबली, परत फिरली. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "घावलं," आणि त्यांची मान स्थिर झाली. ते भलतीकडेच बघत होते, उत्तरेला. मी तिकडे बघितलं. डेपोच्या बाजूला एक घार पंख पसरून संथ गोल फिरत होती.

विमान त्याच वेळी पूर्वेला उतरत होतं. मी ते बघितलं. एक पंख खाली झाला, ते तसंच गोल गोल फिरत बाभळीत गेलं. आवाजसुद्धा आला नाही.

काकांनी डावा अंगठा हलवला. घार डावीकडे वळली. घारी डावीकडे वळतातच, तशा त्या उजवीकडेही वळतात. "बग! ऐकतीया माजं!" काका म्हणाले, आणि हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. लहान मूल हसतं तसे ते हसत होते. "पुरा चक्कर! बगितलास का? पुरा चक्कर घेतला!"

मी मनात म्हटलं, थोडं थांबू. घार निघून जाईल, मग सांगू की विमान लांब गेलं, वारा होता, तुमची चूक नाही. एवढं खोटं मी सहज बोलू शकत होते, पाच महिने दुसरं काय करत होते? पण मग ते शुक्रवारी सकाळी टेबलावर बसणार. सात नंबर उचलणार. आणि मी बाळंतपणाला नाहीतर गावी गेले, तर त्या ट्रेला कोण बघणार? तो ब्रेक कुणाच्या तरी गाडीत बसणार होता, आणि त्या गाडीत माणसं बसणार होती.

"आता उतरवतो," काका म्हणाले. "सर बाजूला, पायापाशी आनतो."

"काका," मी म्हणाले, "ती घार आहे."

त्यांचे अंगठे चालतच होते.

"काका, ती घार आहे हो. विमान पडलं."

अंगठे थांबले. घार फिरतच राहिली. काकांनी रिमोट खाली घेतला, पण मान वरच होती.

"कुठं?"

"बाभळीत."

"कवा?"

मला खोटं बोलवेना. "तुम्ही हसलात त्याच्या आधी."

ते तसेच खाली बसले, वाफ्याच्या बांधावर, सणाच्या सदऱ्यात. मला त्यांची इतकी दया आली की माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आणि मग मी ते बोलले. समजूत काढायला म्हणून बोलले. "काही काळजी करू नका काका. कुणाला कळणार नाही. तुमचे ट्रे मी बघतेच की रोज."

"बगतीस म्हंजी?"

मला तिथंच थांबता आलं असतं. थांबले नाही. सगळं सांगितलं. दिवा, चहाची वेळ, पुसलेले शिक्के, लाल डबा. सांगताना मला वाटत होतं, त्यांना बरं वाटेल. एकही खराब नग बाहेर गेला नाही म्हणून.

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

"म्हंजी त्या डब्यातले..." ते थांबले. "मी रोज मोजत व्हतो ते."

"त्यातले बरेच तुम्हीच काढलेले होते, काका."

"बरेच," ते म्हणाले. मग अगदी हळू, "शिक्का माजा आन् डोळा तुजा. मग मी तितं बसून काय करत व्हतो गं, वैशाली? दिवाळीला एक शब्द बोलली असतीस, की काका, ह्यो नग चुकला. मी त्याच दिशी उठलो असतो."

एरवी ते मला पोरी म्हणायचे, आज वैशाली म्हणाले. मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. ऊन चढल्यावर मी बाभळीतून विमान काढून आणलं. एक पंख तुटला होता. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

येताना स्कूटीवर ते माझ्या खांद्याला न धरता बसले होते. मागची कडी धरून.

शुक्रवारी त्यांनी शिक्का मॅनेजरला दिला आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं, तक्त्यासकट. माझं नाव घेतलं नाही. मॅनेजर चांगला माणूस, पण त्याचेही हात बांधलेले. काकांना महिनाभर पॅकिंगला खोक्यांना पट्ट्या लावायला बसवलं, मग लवकर निवृत्ती घ्या म्हणाले, आणि काकांनी घेतली. कार्यक्रम नको म्हणाले. शाल मात्र कंपनीनं घरी पाठवली.

त्यांच्या भाचीकडून कळलं, डोळ्यांत काचबिंदू आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही, असलेली तेवढी औषधानं राखता येते. डॉक्टर म्हणाले, चार वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ राखली असती. एक वर्षापूर्वी आला असतात तरी काहीतरी. दिवाळीला आला असतात तरी, असं डॉक्टर म्हणाले का, ते मी भाचीला विचारलं नाही. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा काकूंनी चहा दिला आणि काका आत झोपलेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी मला आतून रेडिओ ऐकू येत होता.

त्यांच्या टेबलावर आता मी बसते. मला अकरा नंबर मिळालाय. काकांनी उजेडाकडे धरलेली भाकरी आठवते मधूनच, आणि नग उचलताना भीती वाटते. ती जात नाही, आणि जाऊ नये असंही वाटतं.

मागच्या पावसाळ्यानंतर एकदा ते मला दिसले. भोसरीच्या बसस्टॉपवर, दुपारी तीनच्या सुमाराला, माझी शिफ्ट सुटली होती. काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी, एकटेच. काकूंना न सांगता आले असणार. बस आली की ते पुढे व्हायचे आणि शेजारच्या कुणाला तरी विचारायचे. आळंदीची आली, ते मागे सरले. हिंजवडीची आली, परत मागे. मग मोशीची आली. त्यांच्या शेजारच्या मुलीच्या कानात हेडफोन होता, तिला त्यांचं विचारणं ऐकू गेलं नाही. मी धावत गेले.

"मोशीची आहे," मी म्हणाले. "चढा."

त्यांनी एक पाय उचललेला होता. आवाज ऐकला आणि तो पाय त्यांनी खाली ठेवला.

"कोन, वैशाली का?"

"हो काका. हीच बस आहे. चढा ना."

कंडक्टरनं "चला, चला आजोबा" म्हटलं. काका माझ्याकडे तोंड करून उभे होते. रागानं बघत होते असं मला वाटलं नाही. नुसते उभे होते. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस गेली.

आम्ही दोघं तिथं वीस-पंचवीस मिनिटं शेजारी शेजारी उभे राहिलो. परत मोशीची बस आली. काकांनी मान पुरती वळवून पलीकडच्या भाजीवाल्या बाईला विचारलं, "बाई, ही मोशीला जाती का?" ती व्हय म्हणाली, आणि काका चढले.